ठासणीच्या बंदुकीची नळी ब्लूइंगवरून ब्राउनिंगवर: मुंबईतले एक प्रकरण

पार्श्वभूमी

बंदूक एकनळी, तोंडाने भरायची, टोपीवर, म्हणजे घोडा आपटला की फुटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर, चालणारी. परवान्यावर अशा बंदुकीची नोंद ‘एसबीएमएल’ (सिंगल बॅरल मझल लोडिंग) अशी होते. कोकणात तिला सगळे ठासणीची बंदूक म्हणतात. मालक गिरगावात राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे देवगड तालुक्यातले. गावाकडे आंबा-काजूची बाग आहे आणि वानरांचा, रानडुकरांचा त्रास तिथे पिढ्यान्पिढ्या आहे. वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला आणि तो राज्यभर वैध आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाबी मात्र जशा घडल्या तशाच मांडल्या आहेत.

या प्रकरणात आम्ही तिघे होतो. बंदुकीचे मालक, ज्यांना पुढे काका म्हणतो. दक्षिण मुंबईतले परवानाधारक बंदूक-कारागीर, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. आणि मी. माझे काम धातूच्या पृष्ठप्रक्रियेचे. मिस्त्रींना रसायनांबद्दल काही विचारायचे असले की ते मला बोलावतात.

काकांच्या आजोबांची बंदूक वेगळी होती. तिचा मागचा बूच झिजला, तेव्हा वडिलांनी उत्तरेकडच्या एका कारखान्यात बनलेली ही बंदूक घेतली. आजोबांच्या बंदुकीची नळी तपकिरी होती, हिची निळसर काळी. दोन्ही रंग म्हणजे लोखंडाचे ऑक्साइडच. गरम ब्लूइंगमध्ये नळी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला बुडवतात. तिच्यावर मॅग्नेटाइटचा पातळ काळा थर येतो. आपल्या कारखान्यांत याच प्रक्रियेला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. ब्राउनिंगमध्ये मात्र नळीवर गंज मुद्दाम आणायचा, घासायचा, पुन्हा आणायचा. बारीक, घट्ट बसलेला गंजाचा थर तयार झाला की त्याला तिथेच थांबवायचे. त्याच गंजलेल्या लोखंडाला उकळत्या पाण्यात घातले तर लाल गंजाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते आणि त्याला रस्ट ब्लूइंग म्हणतात. तपकिरी आणि काळा यांच्यात फरक इतकाच: पाणी उकळते होते की नाही. या प्रकरणातले दोन मोठे निर्णय याच मुद्द्याशी येऊन ठेपले.

अडचण

काकांनी बंदूक टेबलावर ठेवली आणि मालवणीत म्हणाले, “माका आज्याच्या बंदुकीसारो रंग व्हयो, मिस्त्री. ह्यो काळो नको.”

मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलेच नाही. “काका, रंगाचं नंतर. आधी ही रिकामी आहे का बघू.” त्यांनी ठासणीचा गज नळीत पूर्ण खाली सोडला, तोंडापाशी बोटाने खूण धरली, मग तोच गज बाहेर नळीला लावून निपलपर्यंत, म्हणजे टोपी बसवायच्या पोकळ खुंटीपर्यंत, मोजला. गज निपलच्या अगदी जवळ पोचत होता, म्हणजे आत भार नव्हता. ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे कोपऱ्यात उभ्या राहतात आणि काळी दारू कोरडी असेल तर ती तितकीच जिवंत असते. नळीला हात लावायच्या आधी हे मोजमाप झालेच पाहिजे. ज्या कारागिराकडे ते होत नसेल त्याच्याकडे बंदूक देऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन.

नळी ९० सेंटिमीटरच्या आसपास, आतून गुळगुळीत. बाहेरची अवस्था तीन तऱ्हांची होती. तोंडाकडच्या भागात ब्लूइंग जवळजवळ गेलेले, कारण तिथेच हात लागतो. मधल्या भागात काळा रंग टिकून होता, पण त्याखालून बारीक लाल ठिपके वर येत होते. निपलच्या भोवती, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात, खड्डे पडलेले.

या खड्ड्यांचे कारण नीट समजले नसते तर पुढचे सगळे काम वाया गेले असते. क्लोरेट वापरलेली टोपी फुटली की पोटॅशियम क्लोराइड मागे राहते, म्हणजे मिठाचाच एक भाऊबंद. तो हवेतले पाणी ओढतो आणि लोखंड खातो. काळ्या दारूची राखही ओलावा धरते. म्हणून जुन्या टोपीच्या बंदुकांत निपलभोवतीच सर्वांत खोल गंज दिसतो. नुसत्या तेलाने पुसून हे क्षार जात नाहीत, कारण तेलात मीठ विरघळत नाही. काका तर वर्षानुवर्षे खोबरेल तेल लावत होते. ते खड्ड्यांत साठून चिकट पिवळे झाले होते, आणि त्याच्या खाली क्षार सुरक्षित बसले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता: नीट धुवायचे, तेल लावायचे, ब्लूइंग जसे आहे तसे ठेवायचे. बंदूक खरोखर जुनी, शंभर वर्षांच्या पुढची असती तर मी यावरच अडून बसलो असतो. जुन्या वस्तूवरचा मूळ थर एकदा उतरवला की परत येत नाही, आणि पुरातन वस्तूंना १९७२ चा वेगळा कायदा लागतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रे पाहायला मिळतात. तिथल्या एखाद्या नळीचे ब्राउनिंग कोणी ‘नवे’ करावे असे मला कधीच वाटणार नाही. ही बंदूक मात्र तशी नव्हती. ती अलीकडच्या काळातली, वापरातली होती, आणि मूळ थर अर्ध्याहून जास्त गेलेला होता.

दुसरा, पुन्हा गरम ब्लूइंग. उपनगरांत ब्लॅकोडायझिंग करणारे बरेच आहेत आणि खर्चही फार नाही. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीचे सुटे भागही ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत येतात आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. नळी वेगळी काढून एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे टेम्पोने पाठवणे हा विचारच करायचा नाही. मिस्त्रींनी तो पर्याय एका वाक्यात संपवला: “नळी माझ्या दुकानाच्या बाहेर जाणार नाही.”

तिसरा, बाजारात मिळणारे थंड ब्लूइंग. ते पुसून लावले की काळे दिसते, घामाने महिन्याभरात जाते. यावर वेळ घालवला नाही.

चौथा पर्याय गरम ब्राउनिंगचा. नळी साधारण १३५ अंशांपर्यंत तापवायची आणि तयार द्रावणाचा हात फिरवायचा. एका दुपारी काम होते. लहान भागांना हे छान जमते. पण एवढ्या लांब, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ नळीवर उष्णता एकसारखी ठेवणे कठीण, आणि पट्टे पडतात. शिवाय नेम धरायची पुढची माशी मऊ डाखाने बसवलेली होती. नेहमीचा शिसे-कथिलाचा डाख १८३ अंशांच्या सुमारास वितळू लागतो. तापवायच्या टॉर्चच्या ज्योतीखाली १३५ आणि १८३ यांतले अंतर फार नसते.

उरले सावकाश गंजवायचे ब्राउनिंग. वेळ लागतो आणि लक्ष द्यावे लागते, पण प्रत्येक थरानंतर थांबून विचार करता येतो, आणि बिघडलेला थर घासून मागे येता येते. काकांना हवा तो रंगही हाच. आजोबांच्या बंदुकीवर हीच पद्धत वापरलेली असणार.

पहिला निर्णय: नंबरला हात लावायचा नाही

नळीच्या मागच्या भागावर कारखान्याचा ठसा आणि क्रमांक होता. अक्षरे उथळ होती आणि गंजाने थोडी भरलेली. काकांनी सहज विचारले, “पॉलिश करताना ती जरा खोल करून घेता येतील का? नूतनीकरणाला गेलो की दरवेळी भिंग लागतं.”

मिस्त्री नाही म्हणाले. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी परवान्यावरचा आकडा आणि नळीवरचा आकडा यांच्यात शंका निर्माण झाली की निस्तरायचे मालकालाच. म्हणून असे ठरले: काम सुरू करण्याआधी क्रमांकाचे जवळून फोटो घ्यायचे, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवून घ्यायचा, आणि त्या जागेवर पॉलिश पेपर अजिबात चालवायचा नाही. तिथले ब्लूइंग फक्त रसायनाने उतरवायचे.

याचा परिणाम शेवटी दिसला. क्रमांकाभोवतीचा चौकोन बाकीच्या नळीपेक्षा किंचित गडद राहिला. दिसायला तो थोडा वेगळा आहे, पण तो निर्णय आजही योग्य वाटतो.

दुसरा निर्णय: ऋतू

काम सुरू झाले तेव्हा जुलै होता. काकांना गणपतीला गावी जाताना बंदूक बरोबर हवी होती. गणपती म्हणजे चाकरमान्यांची शेवटची तारीख. तिच्यापुढे काही जात नाही. मिस्त्रींचा पहिला विचार असा की गंजच आणायचा आहे ना, मग मुंबईच्या पावसाळ्यासारखी हवा कुठे मिळणार. जुलै-ऑगस्टमध्ये इथली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. ब्राउनिंगच्या परदेशी पुस्तकांत ओलाव्याची पेटी बनवायला सांगतात, कारण तिथली हवा कोरडी. आपल्याकडे अख्खे शहरच ती पेटी.

हा विचार अगदी सरळ वाटतो, म्हणूनच तो आधी तपासून घेतला. लोखंडाच्या भंगार तुकड्यांना पॉलिश करून, द्रावण लावून, दुकानाच्या मागच्या खोलीत उघड्यावर टांगले. तासाभरातच त्यांच्यावर बारीक थेंब दिसू लागले. थेंबाच्या कडेला नारिंगी वर्तुळे आणि मध्ये उघडे लोखंड. गंज आला होता, पण भुसभुशीत; बोटाने पुसला की निघून येत होता.

चांगल्या ब्राउनिंगला पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा लागतो. त्यात गंज बारीक कणांनी आणि घट्ट बसतो. हवेतल्या पाण्याचे थेंब झाले की द्रावण त्यात वाहते, एका जागी जमते, आणि ठिपके पडतात. त्यात समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे कण असतात. किनाऱ्याजवळच्या दुकानात उघड्यावर टांगलेल्या नळीवर आपण लावलेल्या द्रावणाबरोबर ते मीठही काम करते, आणि आपल्याला नको तिथे करते. मुंबईत गंज आणण्यासाठी काहीच करावे लागत नाही. मेहनत लागते ती त्याला आवरायला, आणि या कामातली खरी विद्या तिथेच आहे.

दोनच रस्ते होते: ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबायचे, किंवा पेटी बनवायची, पण ओलावा वाढवणारी नव्हे, कमी करणारी. काकांना आम्ही सांगितले की गणपतीचे वचन देता येणार नाही. ते नाराज झाले. दोन दिवसांनी फोन करून म्हणाले, “होऊं दे सावकाश. पण एकदाच होऊं दे.” पेटीचे काम आम्ही तरीही लगेच सुरू केले.

पेटी

ही पेटी मला या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

प्लायवूडचा उभा, माणसाच्या छातीइतका उंच खोका. दाराला रबरी पट्टी. वर आडवी दांडी, तिला नळी उभी टांगायची. तळाशी प्लास्टिकचा पसरट ट्रे आणि त्यात जाडे मीठ, वरून इतकेच पाणी की मीठ पूर्ण विरघळू नये, ओले दाट राहावे. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणाच्या वर, बंद जागेत, हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. तापमान थोडे वरखाली झाले तरी हा आकडा फारसा बदलत नाही. हवा ९० टक्क्यांवर असेल तर मीठ पाणी ओढून घेते, ६० वर असेल तर सोडते. आर्द्रता आवरायला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. फक्त ट्रेमध्ये न विरघळलेले मीठ दिसत राहिले पाहिजे आणि हवा खेळती राहावी म्हणून संगणकातला एक जुना छोटा पंखा लावला.

मीठ आणि बंदुकीची नळी एकाच खोक्यात, हे ऐकून मिस्त्री अस्वस्थ झाले, आणि ते रास्तच होते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. पण पंख्याच्या वाऱ्याने शिंतोडे उडू शकतात. म्हणून ट्रेवर मलमलचे कापड ताणून बांधले आणि पंखा वरच्या बाजूला लावला. खाली एक पिवळा छोटा बल्ब, जेणेकरून नळी बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उबदार राहील आणि तिच्यावर दव धरणार नाही. आत आर्द्रतामापक. भंगार तुकडे या पेटीत टांगले तेव्हा पहिल्याच रात्री फरक दिसला. थेंब नाहीत, एकसारखी मखमली लव. आता नळीला हात लावायचे ठरले.

काय केले

आधी नळी दस्त्यापासून सोडवली, निपल काढला. खोबरेल तेल आणि जुना चिकटा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने, मग ॲसिटोनने काढला. ब्लूइंग उतरवायला मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, झटपट काम करते. पण ते आणखी क्लोराइड घेऊन येते, आणि त्याच्या वाफेने दुकानातली इतर हत्यारे रातोरात तांबतात. फॉस्फरिक आम्लाने वर फॉस्फेटचा थर बसतो, जो नंतर गंज नीट येऊ देत नाही. आम्ही साधा पांढरा व्हिनेगर घेतला. एका टोकाला झाकण लावलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये व्हिनेगर भरून, तोंड आणि निपलचे भोक लाकडी खुंट्यांनी बंद केलेली नळी त्यात उभी सोडली. काळा रंग राखेसारखा सुटून आला. याच खुंट्या पुढे नळी धरायच्या मुठी झाल्या, कारण यानंतर उघड्या हाताने नळीला शिवायचे नव्हते.

नंतर आले क्षार काढायचे काम, आणि इथे क्रमाचा निर्णय होता. क्लोराइड काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा पुन्हा उकळणे. पण वर सांगितल्याप्रमाणे उकळते पाणी तपकिरी गंजाला काळा करते. म्हणजे उकळायचे असेल तर ब्राउनिंगच्या आधीच. नंतर ही संधी नाही. पत्र्याचा लांब डबा बनवून घेतला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणले, आणि नळी त्यात उकळली. नळाचे पाणी चालत नाही, कारण त्यातच क्लोराइड असते. उकळल्यावर थंड झालेल्या पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झाले तर मीठ अजून निघते आहे. पहिल्या उकळीचे पाणी इतके पांढरे झाले की काका खुर्चीवरून उठून जवळ आले. पुढच्या उकळ्यांमध्ये दूध पातळ होत गेले आणि शेवटी पाणी स्वच्छ राहिले.

पॉलिश २२० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, लांबीच्या दिशेने. त्याहून चकचकीत करायचे नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर गंजाला धरायला काही मिळत नाही. खड्डे पूर्ण काढायचा मोह झाला होता. पण तेवढे लोखंड निपलजवळून काढणे म्हणजे जिथे दाब सर्वांत जास्त तिथेच नळी पातळ करणे. खड्डे ठेवले.

द्रावण मिस्त्रींच्या जुन्या वहीतले होते: शोऱ्याच्या, म्हणजे नायट्रिक, आम्लात विरघळवलेले लोखंड, फेरिक क्लोराइड, किंचित मोरचूद, थोडे अल्कोहोल, डिस्टिल्ड पाणी. वहीत रसकापूरही होता. पारा असलेले हे विष जुन्या कृतींत सर्रास दिसते, आणि त्याशिवाय रंग येत नाही असे सांगणारे आजही भेटतात. आम्ही तो गाळला आणि रंगात काहीही कमी पडले नाही. आम्लात लोखंड विरघळताना तांबूस विषारी वाफा निघतात, त्यामुळे ते काम गच्चीवर, मोकळ्या वाऱ्यात केले. तयार द्रावण निम्मे पातळ केले, कारण इथल्या उष्णतेत पूर्ण ताकदीने ते फार घाई करते.

लावताना कापसाचा बोळा जेमतेम ओला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच हात, आणि लावलेल्या जागेवर परत फिरायचे नाही. परत फिरले की मोरचुदातले तांबे लोखंडावर उतरते आणि गुलाबी डाग पडतो. मग पेटीत चार-पाच तास. परदेशी कृतीत बारा तास लिहिलेले असतात. इथे तेवढे ठेवले तर गंज जाड होतो. बाहेर काढून सोड्यात धुऊन वाळवलेल्या गोणपाटाने घासायचे. सुरुवातीला अगदी हलक्या हाताने, कारण पहिल्या दोन थरांत फक्त ठिपक्यांची जाळी दिसते आणि मन खट्टू होते. तिसऱ्या-चौथ्या थरानंतर जाळी भरते. पुढे रंग नारिंगीवरून तांबूस, मग तपकिरी होत जातो. शेवटी तो खारकेच्या सालीसारखा झाला, गडद आणि आतून किंचित लालसर, तेव्हा थांबलो.

मध्ये एक थर गेला. दुकानाच्या पुढच्या भागात एसी आहे. एका संध्याकाळी नळी घासून तिथेच ठेवली गेली आणि सकाळी थंडगार अवस्थेत मागच्या दमट खोलीत आणली. चष्म्यावर धरते तशी वाफ तिच्यावर धरली आणि मधल्या भागात पाण्याचे ओघळ उमटले. मिस्त्रींनी तो थर पूर्ण घासून काढला, एक दिवस नळी पेटीतच बल्बच्या उबेत ठेवली आणि पुढे गेलो. सावकाश पद्धत निवडल्याचा फायदा इथे मिळाला. गरम ब्राउनिंगमध्ये असा पट्टा पडला असता तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते.

तिसरा निर्णय: गंज कसा थांबवायचा

रंग आला म्हणजे काम झाले असे नाही. द्रावणातले आम्ल आणि क्लोराइड थरात अडकलेले असतात आणि ते मारले नाहीत तर गंज तेलाखालीही चालू राहतो. उपाय म्हणजे धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी, आणि त्यानंतर भरपूर स्वच्छ पाणी. कोमट, उकळते नाही. इथे मिस्त्रींचे आणि माझे एकमत नव्हते. माझे म्हणणे, नळी सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावी. त्यांचे म्हणणे, इतका वेळ पाण्यात ठेवली तर थर मऊ पडेल. अर्धा तास भिजवून, ब्रशने निपलभोवती जास्त चोळून काढू. नळी त्यांच्या परवान्याखाली होती, अनुभवही त्यांचाच जास्त. त्यांचे ऐकले.

मग उन्हात तापवलेल्या नळीवर जवसाचे उकळलेले तेल अगदी पातळ पुसले, आणि वाळल्यावर मधमाशीच्या मेणाचा हात. खोबरेल तेल परत कधीही लावायचे नाही, हे काकांना लिहून दिले.

निष्पत्ती

गणपती हुकला. बंदूक जोडून तयार झाली तेव्हा नवरात्र संपले होते. काकांनी नळी खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग निपलजवळच्या खड्ड्यांवरून बोट फिरवून म्हणाले, “हेंय तसेच असत.” आजोबांच्या बंदुकीवरही तिथेच खड्डे होते.

त्यानंतर जे झाले ते कोणी ठरवलेले नव्हते. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याची सूचना आली. बंदूक फ्लॅनेलच्या खोळीत घालून पोलीस ठाण्यात जमा झाली आणि मतमोजणी उलटून गेल्यावरच परत मिळाली. खोळ कापडाची; कापड ओलावा धरते. आमच्या कामाची याहून कडक परीक्षा आम्ही स्वतः घेतली नसती.

खोळ काढली तेव्हा नळीचा बहुतेक भाग जसाच्या तसा होता. तोंडाकडे, मध्ये, क्रमांकाच्या चौकोनावर, कुठेही नवा गंज नव्हता. निपलभोवतीच्या खड्ड्यांत मात्र टाचणीच्या डोक्याएवढे ताजे नारिंगी ठिपके आले होते, बोटाला लागणारे. काकांना वाटले सगळेच पुन्हा करावे लागणार. तसे झाले नाही. तेवढ्या भागावरचे मेण ॲसिटोनने काढले, सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे रात्रभर त्यावर बांधून ठेवले, डिस्टिल्ड पाण्याने धुतले, धुतलेल्या पाण्याची सिल्व्हर नायट्रेटने चाचणी घेतली. पहिल्या वेळी पाणी अंधुक झाले, दुसऱ्या वेळी नाही. परत तेल, परत मेण. रात्रभराच्या भिजवणीने थर मऊ पडला नाही, एवढे यातून कळले. त्यानंतरचा पावसाळा नळीने गिरगावातच काढला आणि ठिपके परत आलेले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

एक, शेवटच्या धुण्यानंतरही सिल्व्हर नायट्रेटची चाचणी व्हायला हवी होती. सुरुवातीच्या उकळ्यांनंतर ती काटेकोरपणे झाली. ब्राउनिंगनंतर कोणाच्या मनात आली नाही, कारण तोवर सगळ्यांचे डोळे रंगावर होते. पण फेरिक क्लोराइडच्या प्रत्येक थराबरोबर क्लोराइड नव्याने येतच होते, आणि ते सर्वांत जास्त साठणार ते खड्ड्यांत. अर्धा तास की रात्रभर हा वाद एका थेंबाने मिटला असता. मात्र द्रावणातच क्लोराइड असल्याने पाणी एका धुण्यात स्वच्छ होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

दोन, खड्ड्यांच्या पट्ट्याला शेवटचे दोन-तीन थर देण्याची गरज नव्हती. तिथे रंग आधीच भरला होता. बाकीच्या नळीबरोबर सवयीने बोळा तिथूनही फिरत राहिला.

तीन, बंदूक परत देतानाच ठेवणुकीचे बोलायला हवे होते. तेलाबद्दल लिहून दिले, खोळीबद्दल नाही. निवडणुकीचे वर्ष असेल तर बंदूक काही आठवडे आपल्या हातात नसणार हे गृहीत धरून, जमा करण्याआधी मेणाचा जादा थर द्यावा आणि निपलभोवती मेणकागद गुंडाळावा. मिस्त्री आता प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतात. जमा करताना कापडी खोळीच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला कुठल्या ठाण्याने हरकत घेतल्याचे त्यांच्या अनुभवात नाही.

ऋतूच्या बाबतीत माझे मत मिस्त्रींपेक्षा अजूनही वेगळे आहे. पेटी तयार असल्यामुळे आता ते जुलैतही काम घ्यायला तयार असतात. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणेन. पेटीतली हवा आपल्या ताब्यात असते, पण घासताना, धुताना, वाळवताना नळी पेटीच्या बाहेरच असते, आणि गेलेला तो एक थर बाहेरच गेला होता. काकांचा धाकटा भाऊ आता स्वतःची बंदूक घेऊन येणार आहे. ती डिसेंबरमध्ये आणायला सांगितली आहे.